पीटरलीचे उंच मनोरे का उभे राहिले नाहीत? कोळशावर वसवलेल्या गावांच्या नियोजनाबद्दल

प्रश्न असा होता: दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या डरहॅम काउंटीत खाणकामगारांसाठी पीटरली नावाचं नवं शहर वसवलं. आराखडा बर्टोल्ड लुबेत्किनसारख्या नामवंत वास्तुविशारदाकडे होता. तरी त्याचे उंच मनोरे बारगळले आणि साधी दोन मजली घरं आली, असं का? कोळसा मंडळाचा तो निव्वळ हट्ट होता का? आणि चंद्रपूर-वणी भागातल्या नियोजकाला यातून काही घेण्यासारखं आहे का?

आधी थोडक्यात सांगतो. मंडळाचं गणित बरोबर होतं आणि लुबेत्किनची मागणीही रास्त होती. खाणगावाचं नियोजन करायचं म्हणजे वरच्या रस्त्या-घरांचा नकाशा आणि खालच्या उत्खननाचं वेळापत्रक एकमेकांशी जुळवायचं. पीटरलीत नकाशा एका सरकारी संस्थेकडे होता, वेळापत्रक दुसऱ्या सरकारी संस्थेकडे, आणि दोघांना एका टेबलावर बसवून शेवटचा शब्द देणारं कुणी नव्हतं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

पार्श्वभूमी झटपट उरकतो. पूर्व डरहॅममधली गावं खाणीच्या तोंडाशी उभी राहिली होती. कंपनीने बांधलेल्या विटांच्या लांबच लांब चाळी, मागे कोळशाची कोठी आणि अंगणापलीकडचा संडास. खाणीतून काळ्या अंगाने आलेला माणूस स्वयंपाकघरात पत्र्याच्या टबात आंघोळ करायचा, म्हणून घर खाणीजवळ हवं. १९२० नंतर कामगार कल्याण निधीतून खाणींवर स्नानगृहं बांधली जाऊ लागली आणि ही गरज हळूहळू संपली. माणूस आंघोळ करून, कपडे बदलून बसने घरी जाऊ शकत असेल, तर वस्ती चार-पाच मैलांवर नेता येते. नव्या शहराच्या कल्पनेमागचा हा अगदी साधा भौतिक बदल अनेक इतिहासांत दुर्लक्षित राहतो.

ईझिंग्टन ग्रामीण जिल्हा परिषदेचे अभियंता सी. डब्ल्यू. क्लार्क यांनी युद्ध संपताच अहवाल लिहून मांडलं की विखुरलेल्या खाणगावांत थोडी थोडी घरं वाढवण्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून एक शहर करा. १९४६ चा नवी शहरं कायदा हाताशी होताच. खाणकामगारांचं शिष्टमंडळ स्वतः लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटलं. इतर नवी शहरं सरकारने लादली म्हणून स्थानिक लोक भांडत होते, इथे मात्र लोकांनीच मागणी केली. मार्च १९४८ मध्ये पीटरली घोषित झालं, लक्ष्य होतं ३० हजार वस्तीचं, आणि नाव दिलं गेलं खाणकामगारांचे नेते पीटर ली यांचं.

दरम्यान १ जानेवारी १९४७ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण होऊन नॅशनल कोल बोर्ड, म्हणजे कोळसा मंडळ, आलं होतं. युद्धाने थकलेल्या ब्रिटनला कोळशाची टंचाई होती. मंडळावर टनांचं ओझं होतं, शहर विकास महामंडळावर घरांचं. पीटरलीच्या जागेखाली एकाखाली एक असे कोळशाचे अनेक थर होते आणि भोवतालच्या खाणींना ते काढायचे होते.

आता गणित. ते पाहिल्याशिवाय कोण हट्टी होतं ते कळत नाही.

समजा ३०० मीटर खोलीवर १.२ मीटर जाडीचा थर आहे आणि तो लाँगवॉल पद्धतीने काढायचा आहे, म्हणजे फेस (कोळसा कापण्याची लांब भिंत) पुढे सरकत जातो आणि मागचं छत मुद्दाम कोसळू दिलं जातं. ब्रिटिश खाणींच्या मोजमापांवरून नंतर बसवलेली आणि मंडळाच्या १९६६ च्या पुस्तिकेत आलेली सूत्रं अशी: खचण्याचा परिणाम उत्खननाच्या कडेपासून वरती सुमारे ३५ अंश बाहेरपर्यंत पोचतो, म्हणजे खोलीच्या ०.७ पट. उत्खननाची रुंदी खोलीच्या १.४ पट झाली की जमीन पूर्ण खचते, थराच्या जाडीच्या सुमारे ९० टक्के. आपल्या उदाहरणात ४२० मीटर रुंदीला १.०८ मीटर.

मीटरभर जमीन खाली गेली म्हणून घर पडत नाही. सगळं घर सारखंच खाली गेलं तर आतल्या माणसाला कळणारही नाही. मोडतोड करतात त्या दोन गोष्टी, ताण आणि कल. ताणाचा कमाल आकडा ०.६५ गुणिले खचणं भागिले खोली: इथे मीटरला साधारण २.३ मिलिमीटर. आता १२ मीटर लांबीचं जोडघर घ्या. ते २८ मिलिमीटर ताणलं जाईल. ३० मिलिमीटरपर्यंतचं नुकसान पुस्तिकेत ‘अत्यंत किरकोळ’ धरलं आहे: गिलाव्याला केसाएवढ्या चिरा, फार तर दोन ठिकाणी दार घासेल. याच जमिनीवर ६० मीटर लांबीची सलग चाळ असेल तर ती १४० मिलिमीटर ताणली जाणार. तो वर्ग ‘तीव्र’: भिंतीत बोट जाईल अशा भेगा, वाकड्या चौकटी, उतरलेल्या तुळया, तुटलेले नळ. जमीन तीच, कोळसा तोच, फरक फक्त इमारतीच्या लांबीचा. जुन्या कंपनी-चाळींची दैना बांधकाम वाईट होतं म्हणून झाली असं सर्रास लिहिलं जातं. निम्मं कारण त्यांची लांबी होती.

उंच इमारतीला मारतो तो कल. त्याचा कमाल आकडा २.७५ गुणिले खचणं भागिले खोली, म्हणजे जवळपास शंभरात एक. १० मजली, ३० मीटर उंच मनोऱ्याचं टोक ओळंब्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर जाईल. लिफ्टचे रूळ हे सहन करत नाहीत. फेस इमारतीखालून सरळ निघून गेला तर त्याच्यामागून येणारी खचण्याची लाट ओसरल्यावर मनोरा बराचसा सरळ होतो. पण फेस मध्येच थांबला, किंवा इमारत पॅनेलच्या, म्हणजे उत्खननाच्या पट्ट्याच्या, कडेवर आली, तर कल कायमचा राहतो.

मग मनोऱ्याखालचा कोळसा सोडून द्यायचा का? ३० बाय ३० मीटरच्या इमारतीसाठी चारही बाजूंना २१० मीटर सोडावे लागतात. म्हणजे न काढता सोडलेल्या कोळशाचा ४५० मीटर चौरसाचा खांब, २० हेक्टर. १.२ मीटर जाडी आणि घनमीटरला १.३ टन धरले तर एका थरातला ३ लाख टनांहून जास्त कोळसा अडकला. त्याखाली ४०० मीटरवर तसाच दुसरा थर असेल तर खांब ५९० मीटर चौरस होतो आणि आणखी ५ लाख ४० हजार टन जातात. एका इमारतीपायी मोठ्या खाणीचं जवळजवळ वर्षभराचं उत्पादन. कोळशाचं रेशनिंग चालू असलेल्या देशात मंडळाचा अधिकारी यावर सही करणार नव्हता आणि त्याला दोष देता येत नाही.

पूर्व डरहॅममध्ये भर म्हणून आणखी एक अडचण आहे. कोळशाच्या खडकांवर मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा जाड थर आहे. चिकणमाती ताण पसरवून घेते, चुनखडी तसं करत नाही. तिचे जुने सांधे असतात तिथेच सगळा ताण गोळा होतो आणि जमिनीवर उघडी भेग पडते. सरासरी २.३ मिलिमीटरचं सूत्र अशा भेगेवर बसलेल्या घराला काहीच कामाचं नाही. सांधे कुठे आहेत हे चर खणून बघावं लागतं.

लुबेत्किनची बाजू मात्र त्याच्यावर टीका करणारे मानतात तितकी स्वप्नाळू नव्हती. त्याला गजबजलेलं, उंच, खरोखरीचं शहर वाटेल असं केंद्र हवं होतं आणि इमारती एकत्र आणण्याला गणिताचाही आधार होता. तीन मनोरे दूर दूर ठेवले तर तीन खांब, ६० हेक्टर. तेच १५० मीटरच्या चौकात बसवले तर एकच खांब, साधारण ३२ हेक्टर. वर त्याची मागणी होती की कुठला भाग केव्हा काढणार ते मंडळाने ठरवून सांगावं, म्हणजे जमीन बसून झालेल्या भागात आधी बांधता येईल. यातही तथ्य होतं, कारण लाँगवॉलचं खचणं लवकर संपतं. फेस २१० मीटर अलीकडे असताना जमीन हलू लागते आणि तेवढाच पलीकडे गेला की थोडा शिल्लक भाग सोडता थांबते. फेसची चाल दिवसाला दीड मीटर आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर ४२० मीटरला वर्षभर. घराला लागणाऱ्या ६० वर्षांपुढे हे एक वर्ष काहीच नाही.

पण असं वेळापत्रक देणं मंडळाला जमणारं नव्हतं. खाणीत फॉल्ट (थर तुटून सरकल्याची जागा) लागतो, थर पातळ होतो, पाणी येतं, वरून टनांचं उद्दिष्ट बदलतं, आणि फेस दुसरीकडे हलवावा लागतो. एका थराचं वर्ष संपतं न संपतं तोच खालच्या थराचं सुरू होतं. जागेखाली एकापेक्षा जास्त खाणींची हद्द असली की प्रत्येक व्यवस्थापकाचा आराखडा वेगळा. दोन वर्षं पत्रव्यवहार आणि बैठका चालल्या, मंत्रालयाने निर्णय टाळला, आणि १९५० च्या मार्चमध्ये लुबेत्किन राजीनामा देऊन गेला. त्यानंतर जॉर्ज ग्रेनफेल-बेन्स यांच्या आराखड्याने विरळ, दोन मजली वस्तीचा मार्ग धरला. म्हणजे कोळसा काढत राहायचं, घरं हलतील हे गृहीत धरायचं आणि दुरुस्ती करत राहायचं.

हलणाऱ्या जमिनीवर घर कसं बांधायचं, याचे त्या काळात पक्के झालेले नियम आजही बदललेले नाहीत.

खोल पाया खणायचा नाही. जमिनीत रुतलेल्या पायाला सरकणारी माती धरून ओढते. त्याऐवजी सपाट जमिनीवर १५० मिलिमीटर वाळू किंवा बारीक खडीचा थर, त्यावर जाड कागद किंवा प्लॅस्टिकचा सरकता पडदा, आणि वर साधारण तेवढ्याच जाडीचा सलोह काँक्रीटचा सपाट राफ्ट, म्हणजे घराखालची सलग पाटी. राफ्टच्या खालच्या बाजूला कडेची तुळई उतरवण्याचा मोह टाळायचा, नाहीतर सरकता थर निरर्थक होतो. घराचा आकार साधा आयत. पुढे आलेल्या खिडक्या, कमानी, एल आकाराची पाखं नकोत, कारण भेग कोपऱ्यातूनच सुरू होते. एक सलग तुकडा १८ मीटरच्या आत, आणि दोन तुकड्यांत ५० मिलिमीटरचं अंतर, पायापासून छपरापर्यंत मोकळं. नेहमीची चूक इथे होते: गवंडी सांध्यात पडलेला मसाला काढत नाही, किंवा नंतर कुणीतरी वारा येतो म्हणून सांधा सिमेंटने बुजवतो. जमीन आकसण्याच्या टप्प्यात आली की दोन घरं एकमेकांना ढकलू लागतात. विटकामाला चुन्याचा मऊ मसाला हवा. कडक सिमेंट वापरलं तर सांध्याऐवजी वीटच फुटते.

घरांपेक्षा जास्त डोकेदुखी सांडपाण्याची. गटार दीडशेत एक उताराने टाकलं आणि जमीन उलट दिशेला शंभरात एक कलली, तर पाणी मागे वाहणार. म्हणून उतार तिप्पट-चौपट द्यायचा, जोड रबरी आणि सरकते ठेवायचे, आणि उतार देणं शक्य नसेल तिथे पंपाची जागा आधीच राखून ठेवायची. विरळ वस्तीत या सगळ्या नळांची लांबी वाढते. ‘स्वस्त’ दोन मजली पर्यायाचा हा खर्च तुलनेच्या तक्त्यात सहसा दाखवला जात नाही.

भरपाईचा प्रश्न याच काळात सुटत गेला. आधीच्या भाडेपट्ट्यांत जमिनीला आधार मागण्याचा हक्क सोडल्याचं बहुधा लिहूनच घेतलं जायचं, त्यामुळे घर फाटलं तरी मालकाच्या हाती काही नसे. १९५० च्या कायद्याने छोट्या राहत्या घरांची दुरुस्ती मंडळावर टाकली आणि १९५७ च्या कायद्याने ती व्याप्ती वाढवली. ‘हलू दे, दुरुस्त करू’ हे धोरण या कायद्यांशिवाय उभंच राहिलं नसतं.

लुबेत्किन आणि मंडळ ज्यावर अडले त्या प्रश्नाचं सगळ्यात हुशार उत्तर नॉटिंगहॅमशरमध्ये निघालं. तिथल्या कोळसापट्ट्यात शाळा बांधायच्या होत्या आणि शाळा लांब असतात. काउंटीचे वास्तुविशारद डोनाल्ड गिब्सन यांच्या कार्यालयाने हलक्या पोलादी सांगाड्याची पद्धत बसवली: सांधे बिजागरीसारखे, तिरप्या ताणपट्ट्यांमध्ये स्प्रिंगा, खाली पातळ सलग स्लॅब, आणि बाहेरून टांगलेल्या कौलांचं आवरण, जे हललं तरी फुटत नाही. लाट खालून जाताना सांगाडा तिरपा होतो आणि परत येतो. १९५७ मध्ये अनेक स्थानिक संस्थांनी मिळून क्लॅस्प नावाचा संघ केला आणि १९६० मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्यांच्या शाळेला मोठा पुरस्कार मिळाला. पुढे खाणी नसलेल्या गावांतही हीच पद्धत केवळ लवकर बांधून होते म्हणून वापरली गेली. सांगाड्याला हलायला जागा हवी, म्हणून छतांत आणि भिंतींत मोकळ्या पोकळ्या होत्या. आग लागली तर ती याच पोकळ्यांतून धावते. डिसेंबर १९७४ मध्ये नॉटिंगहॅमशरच्या एडवॉल्टनमधल्या क्लॅस्प पद्धतीच्या वृद्धाश्रमाला आग लागून १८ माणसं गेली. खचण्यावरचा उपाय आगीच्या नियमांशी ताडून बघितला नव्हता. नंतर पोकळ्यांत अडथळे बसवावे लागले.

पीटरलीत १९५५ पासून चित्रकार व्हिक्टर पास्मोर यांना नैऋत्य भागाच्या रचनेसाठी घेतलं. सपाट छपरांची पांढरी-काळी घरं देखणी होती, पण डरहॅमच्या पावसात गळू लागली आणि पुढे त्यांवर उतरती छपरं चढवली गेली. त्यांचं काँक्रीटचं अपोलो पॅव्हिलियन पाडायचं की ठेवायचं यावर गावात वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०११ मध्ये ते संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलं. कलासमीक्षक पीटरलीबद्दल मुख्यतः याच्यावरच लिहितात. नियोजनाच्या दृष्टीने ही बाब दुय्यम आहे.

त्याहून कितीतरी महत्त्वाची, आणि कटू, बाब म्हणजे ‘ड’ वर्ग. नवं शहर भरायचं तर जुनी गावं रिकामी व्हायला हवीत. डरहॅम काउंटीच्या १९५१ च्या विकास आराखड्यात साडेतीनशेहून अधिक वस्त्या चार वर्गांत विभागल्या. ११४ वस्त्या ‘ड’ वर्गात टाकल्या: इथे नवी गुंतवणूक नाही, घर राहण्यालायक उरलं नाही की पाडायचं, नवं बांधायचं नाही, लोकांना दुसरीकडे हलवायचं. कागदावर हे काटकसरीचं होतं. प्रत्यक्षात शिक्का बसला की कर्ज मिळेना, घराला गिऱ्हाईक मिळेना, दुकानदार निघून गेला, आणि ज्या गावाची खाण अजून चालू होती तेही मरणपंथाला लागलं. भाकीत स्वतःलाच खरं करत गेलं. विटन पार्कसारख्या गावांनी चिवटपणे लढा दिला, आणि १९७७ मध्ये धोरण अधिकृतपणे मागे घेतलं गेलं, तोवर अनेक रस्ते नाहीसे झाले होते. माझ्या मते या साऱ्या पर्वातली सगळ्यात मोठी चूक मनोऱ्यांची नव्हती, ही होती: वस्तीचं आयुष्य खाणीच्या आयुष्याला बांधणं.

तीच चूक उलट्या दिशेने स्कॉटलंडमध्ये दिसते. फाइफमधलं ग्लेनरॉथेस १९४८ मध्ये घोषित झालं ते रॉथेस या नव्या मोठ्या खाणीच्या भरवशावर. दिवसाला ५ हजार टनांची अपेक्षा होती. १९५८ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि पाण्यापुढे हात टेकून १९६२ मध्ये खाण बंद. शहर मात्र टिकलं, कारण विकास महामंडळाने वेळीच इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आणले. पीटरलीभोवतीच्या खाणींतली शॉटन १९७२ मध्ये, ब्लॅकहॉल १९८१ मध्ये, हॉर्डन १९८७ मध्ये आणि ईझिंग्टन १९९३ मध्ये बंद झाली. ज्या कोळशासाठी शहराचं केंद्र ठेंगणं ठेवलं, तो काढणाऱ्या खाणी शहरापूर्वी संपल्या. हे १९४८ मध्ये दिसायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा तेल आणि उत्तर समुद्रातला वायू चित्रात नव्हता.

निर्णय घेणारा एकच असेल तर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण चेकोस्लोव्हाकियातलं मोस्ट. लिग्नाइटच्या खुल्या खाणीसाठी तिथे जुनं शहरच उठवलं, नवं शेजारी बांधलं, आणि फक्त गॉथिक चर्च १९७५ मध्ये रुळांवरून ८४१ मीटर सरकवून वाचवलं. तंत्र थक्क करणारं. पण शेवटचा शब्द एकाच्या हाती असला की न्याय होतोच असं नाही.

चंद्रपूर-वणीबद्दल. वरची सगळी सूत्रं लाँगवॉलची आहेत, ती इथे जशीच्या तशी लावू नका. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) भूमिगत खाणी प्रामुख्याने बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या: रस्ते काढायचे आणि खांब सोडायचे. खांब उभे असेपर्यंत वर काहीच कळत नाही, आणि उथळ जुन्या खाणीत ५०-१०० वर्षांनीही दोन रस्त्यांचं एखादं जंक्शन कोसळून थेट जमिनीत विहिरीसारखं भोक पडू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर असंच खाली गेलं. लाँगवॉलचं खचणं तारखेसकट सांगता येतं, याचं येत नाही. म्हणून लेआउट मंजूर करण्याआधी चार गोष्टी मागाव्यात: बंद खाणींसकट सगळ्या भूमिगत कामांचे नकाशे, प्रत्येक पॅनेलची खोली आणि थराची जाडी, डिपिलरिंग (खांब काढून घेणं) झालं की खांब अजून उभे आहेत आणि वाळूचं स्टोइंग (पोकळी वाळूने भरणं) झालं का, आणि जुन्या शाफ्ट-इनक्लाइनची (खाणीत उतरणाऱ्या उभ्या-तिरप्या वाटांची) तोंडं कुठे व कशी बुजवली. कामाची खोली थराच्या जाडीच्या दहापटीहून कमी असेल तर नकाशावर विसंबू नये, बोअर मारून पोकळी तपासावी. शेवटी पंप. खाण बंद झाली आणि उपसा थांबला की पाणी वर चढतं, खांबांची माती-शेल मऊ करतं. डरहॅममध्ये हॉर्डन आणि डॉडनला खाणीचं लोहयुक्त पाणी पिण्याच्या पाण्याच्या चुनखडीत शिरू नये म्हणून आजही उपसून शुद्ध करावं लागतं. तेव्हा खाण बंद होतानाच्या करारात पंप कोण आणि किती वर्षं चालवणार, हे नगरपालिकेने लिहून घ्यावं.